नवी हार्ड डिस्क लिनक्सला जोडताना

गोव्यातल्या आमच्या फोंडा तालुक्यातल्या गावात देवळाच्या उत्सवाला दरवर्षी मराठी नाटक होतं. नट गावचेच, ऑर्गनवर गावचाच माणूस, आणि पडदा पडेपर्यंत पहाट होते. त्या नाटकांच्या, भजनांच्या आणि चवथीत घुमट हे वाद्य वाजवून म्हटलेल्या आरत्यांच्या कॅसेटी वाचनालयाच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून होत्या. एका पावसाळ्यात फितींवर पांढरी बुरशी दिसली आणि आम्ही त्या कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या. कॉम्प्युटर जुना, त्यावर डेबियन लिनक्स, आत २४० जीबीची छोटी एसएसडी. ९० मिनिटांची कॅसेट ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ अशी उतरवली की तीन जीबीपेक्षा थोडी जास्त जागा घेते. साठ-सत्तर कॅसेटींत एसएसडी भरली. मग ४ टीबीची हार्ड डिस्क आणली. तीत अशा बाराशेच्या वर कॅसेटी मावतात.

डिस्क जोडायला वाचनालयात येणारी कॉलेजची मुलं हौसेनं पुढे आली. विंडोजवर नवी डिस्क जोडली की निदान एखादी खिडकी उघडून काहीतरी विचारते, एवढं त्यांना ठाऊक होतं. इथे तारा लावल्या, मशीन सुरू केलं, आणि पडद्यावर काहीच बदललं नाही. डिस्क खराब आहे असंच त्यांना वाटलं. डिस्क उत्तम होती. लिनक्स आपण सांगितल्याशिवाय नव्या डिस्कला हात लावत नाही, एवढंच. ते कसं सांगायचं, हे त्या मुलांसाठी लिहायला बसलो आणि त्याचा हा लेख झाला.

वाचण्याआधी एक सूचना. सगळ्या कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांनी टाइप करायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. अक्षरं सुटी वाचून दाखवली असली तरी टाइप सलगच करायची. बहुतेक कमांडच्या आधी ‘सुडो’ लागेल, कारण डिस्कला हात लावायचा अधिकार फक्त रूटला, म्हणजे मशीनच्या मुख्य व्यवस्थापकाला असतो आणि ‘सुडो’ तो अधिकार तेवढ्यापुरता देतो.

खोक्यातून कॅबिनेटपर्यंत

गोव्यात जून ते सप्टेंबर हवा किती दमट असते ते सांगायला नको. एसी दुकानातून किंवा एसी गाडीतून आणलेली डिस्क घरी आल्या आल्या जोडू नका. गार धातूवर हवेतलं पाणी बसतं, आणि तशा डिस्कला वीज दिली तर तिचं आयुष्य त्या दिवशीच कमी होतं. चंदेरी पिशवी न फोडता ती दोन-तीन तास खोलीत ठेवा, मग उघडा. साध्या डिस्कच्या झाकणाला श्वास घ्यायला एक बारीक भोक असतं आणि शेजारी ते झाकू नका असं छापलेलं असतं. त्यावर स्टिकर किंवा टेप लावायची नाही.

मशीन बंद करा, प्लग काढा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. डिस्क जोडायला साटा प्रकारच्या दोन तारा लागतात, एक पातळ डेटाची आणि एक रुंद विजेची. दोन्हींच्या तोंडाला ‘एल’सारखी खाच असल्यामुळे त्या उलट्या बसत नाहीत. जोर लावावा लागत असेल तर तार उलटी आहे असं समजा. डिस्क चारही स्क्रूंनी घट्ट बसवा. आत प्लेटा फिरत असतात, त्यामुळे सैल डिस्क थरथरते.

कॅबिनेट बंद करण्याआधी डिस्कच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढा. त्यावरचा सिरियल नंबर स्पष्ट दिसला पाहिजे. पुढचं सगळं काम या नंबरावर चालणार आहे.

नेमकी कुठली डिस्क?

मशीन सुरू करून टर्मिनल उघडा आणि ही कमांड द्या:

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सिरियल

एल, एस, बी, एल, के. ‘लिस्ट ब्लॉक’ असं लक्षात ठेवलं की अक्षरं आपोआप आठवतात. आमच्या मशीनवर असं दिसलं:

एसडीए २२३.६जी
एसडीए१ …
एसडीबी ३.६टी

पहिली जुनी एसएसडी, तिच्याखाली तिचं पार्टिशन, म्हणजे तिच्यावर आखलेला भाग. शेवटची नवी डिस्क, आणि तिच्याखाली काहीच नाही, कारण ती कोरी आहे. ४ टीबीची डिस्क ३.६ दिसते म्हणून दुकानदारानं फसवलं असं समजू नका. कंपनी १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट धरते. ही कमांड १०२४ च्या पटीत मोजते. डिस्क तेवढीच, माप वेगळं.

आता मोबाइलवरचा फोटो उघडा आणि सिरियल नंबर अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. हे मी इतकं ठासून सांगतो याला कारण आहे. एसडीए, एसडीबी ही नावं कायमची नसतात. मशीन सुरू होताना कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जी डिस्क आधी सापडते तिला आधीचं अक्षर मिळतं. आज एसडीबी असलेली डिस्क उद्या आणखी एक यूएसबी डिस्क लावल्यावर एसडीसी होऊ शकते. पुढे येणाऱ्या पार्टिशन आणि फाइलसिस्टिम या दोन पायऱ्या डिस्कवरचं असेल-नसेल ते पुसून टाकणाऱ्या आहेत. तिथे अक्षर चुकलं तर कपाटातल्या ज्या कॅसेटी कष्टानं उतरवल्या त्या एका एंटरमध्ये जातील. म्हणून प्रत्येक वेळी, मशीन पुन्हा सुरू केलं असेल तर नक्कीच, ही कमांड पुन्हा देऊन सिरियल नंबर पाहा. नव्या एनव्हीएमई एसएसडींची नावं वेगळी असतात, एनव्हीएमई०एन१ अशी. नियम तोच.

पुढे सगळीकडे मी एसडीबी लिहिलं आहे. तुमच्याकडे जे अक्षर असेल ते घाला.

आधी तब्येत बघा

नवी डिस्क म्हणजे चांगली डिस्क असं नाही. वाहतुकीत आपटलेली असू शकते. डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. ती वाचायला स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज एपीटीनं, म्हणजे डेबियनच्या पॅकेज बसवायच्या कमांडनं, इन्स्टॉल करा आणि मग:

सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीबी

लांबलचक तक्ता येतो. तो सगळा समजून घ्यायची गरज नाही. चार ओळी शोधा आणि त्यांचा शेवटचा आकडा पाहा. पाचव्या क्रमांकाची ‘रिअलोकेटेड सेक्टर’ म्हणजे खराब निघाल्यामुळे बदललेले सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा). १९७ वी ‘करंट पेंडिंग सेक्टर’ म्हणजे संशयित सेक्टर. नव्या डिस्कवर दोन्ही शून्यच हवेत. नवव्या ओळीत डिस्क आजवर किती तास चालली ते असतं. नवी म्हणून घेतलेल्या डिस्कवर हा आकडा हजारांत दिसला तर ती वापरलेली आहे, बिल घेऊन परत करायला जा. १९९ वी ओळ तारेची. तो आकडा वाढत राहिला तर डिस्कपेक्षा डेटाची तार बदलून पाहा. समुद्राजवळच्या गावांत खाऱ्या हवेनं कनेक्टरवर गंज धरतो, तिथे या ओळीकडे अधूनमधून बघत राहावं.

यूएसबीच्या डब्यातली डिस्क असेल आणि ही कमांड काही दाखवत नसेल तर तिच्यात ‘-डी सॅट’ घालून बघा, पुष्कळदा तेवढ्यानं काम होतं.

नंतर रात्री झोपण्याआधी लांब चाचणी लावा:

सुडो स्मार्टसीटीएल -टी लाँग /डेव्ह/एसडीबी

डिस्क आतल्या आत आपला प्रत्येक सेक्टर वाचून बघते. ४ टीबीला बरेच तास जातात. सकाळी पहिलीच कमांड पुन्हा द्या, मात्र ‘-ए’ च्या जागी ‘-एल सेल्फटेस्ट’ लिहा, म्हणजे निकाल दिसेल. ‘कम्प्लीटेड विदाउट एरर’ दिसल्याशिवाय मी पुढे जात नाही. ज्या ध्वनिमुद्रणातला माणूस आता हयात नाही ते पुन्हा करता येत नाही. त्यासाठी एक रात्र थांबायला हरकत नसावी.

पार्टिशन

कोऱ्या डिस्कवर आधी एक कोष्टक लिहावं लागतं, कुठून कुठपर्यंत कुठला भाग ते सांगणारं. जुन्या पद्धतीला एमबीआर म्हणतात. ती ३२ बिटांत सेक्टर मोजते आणि सेक्टर ५१२ बाइटचा धरला तर २.२ टीबीच्या पुढचं तिला दिसतच नाही. आपली डिस्क ४ ची, म्हणून नवी पद्धत, जीपीटी. खरं तर आता लहान डिस्कलाही जीपीटीच करावं. तिची एक प्रत डिस्कच्या सुरुवातीला आणि दुसरी अगदी शेवटाला असते.

पुष्कळ जण यासाठी पार्टेड वापरतात. नवख्यांनी एफडिस्क वापरावं असं माझं मत आहे, आणि कारण एकच. एफडिस्कमध्ये तुम्ही ‘डब्ल्यू’ दाबेपर्यंत डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही. पार्टेड सांगितलं की लगेच करून टाकतं.

सुडो एफडिस्क /डेव्ह/एसडीबी

आत गेल्यावर एकेक अक्षर टाइप करून एंटर. सगळ्यात आधी ‘पी’. आत्ता काय आहे ते दिसतं, वर डिस्कचं मॉडेल आणि आकारही येतो. आकार ३.६४ टीआयबी (१०२४ च्या पटीत मोजलेले टीबी) आहे ना, मॉडेल फोटोतलंच आहे ना, हे बघा. नसेल तर ‘क्यू’ दाबून बाहेर या, काही बिघडलेलं नाही. असेल तर ‘जी’, म्हणजे नवं जीपीटी कोष्टक. मग ‘एन’, म्हणजे नवं पार्टिशन. ते तीन प्रश्न विचारेल: क्रमांक, पहिला सेक्टर, शेवटचा सेक्टर. तिन्हींना नुसतं एंटर. पहिला सेक्टर २०४८ सुचवलेला दिसेल, तो तसाच राहू द्या. त्यामुळे पार्टिशन बरोबर १ एमबीच्या सीमेवर सुरू होतं. आजच्या डिस्का आतून ४०९६ बाइटच्या तुकड्यांत लिहितात. सुरुवात सीमेवर नसेल तर एका तुकड्याचं काम दोन तुकड्यांत होतं आणि लिहिण्याचा वेग पडतो. पुन्हा ‘पी’ दाबून झालेलं वाचा. एक एसडीबी१ दिसलं पाहिजे. मग एक श्वास घ्या आणि ‘डब्ल्यू’.

एवढ्या मोठ्या डिस्कचे चार भाग करावेत का, असं मुलं विचारतात. विंडोजवरची ती सवय आहे. साठवणीच्या डिस्कला एकच पार्टिशन ठेवा. भाग केले की एक भरतो, दुसरा रिकामा राहतो, आणि फाइली हलवण्यात रविवार जातो. वर्गवारी फोल्डरांनी करावी.

फाइलसिस्टिम

पार्टिशन म्हणजे नुसती आखलेली जमीन. तिच्यावर फाइली ठेवण्याची व्यवस्था म्हणजे फाइलसिस्टिम. लिनक्सवर त्यासाठी पर्याय पुष्कळ आहेत, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस त्यांतले नावाजलेले. पहिल्या डिस्कला ईएक्सटी४ घ्या. ती २००८ सालापासून कर्नलमध्ये स्थिर म्हणून आहे, लाईट मध्येच गेली तरी जर्नलच्या, म्हणजे बदलांच्या आधीच लिहून ठेवलेल्या नोंदीच्या, आधारानं सावरते, आणि बिघडली तर दुरुस्तीची साधनं प्रत्येक लिनक्सवर सापडतात. आमच्याकडे पावसात लाईट जाण्याचा भरवसा नाही, त्यामुळे जर्नल मला महत्त्वाचं वाटतं. यूपीएस मात्र तरीही हवाच.

साधी कमांड ‘एमकेएफएस.ईएक्सटी४’ आणि पुढे पार्टिशनचं नाव, एवढीच आहे. एमके म्हणजे मेक, एफएस म्हणजे फाइलसिस्टिम. पण तिला दोन गोष्टी सांगितल्या तर आपल्या कामाच्या डिस्कवर बरीच जागा वाचते.

पहिली गोष्ट राखीव जागा. ईएक्सटी४ सांगितलं नाही तर पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. ही सोय ऑपरेटिंग सिस्टिमच्या डिस्कसाठी आहे. डिस्क तुडुंब भरली तरी मशीन चालू राहावं आणि रूटला आत येऊन सफाई करता यावी, म्हणून. ४ टीबीच्या पाच टक्के म्हणजे २०० जीबी. नुसत्या साठवणीच्या डिस्कवर एवढी जागा अडवून ठेवायचं कारण नाही, एक टक्का पुरतो. हे आत्ता विसरलात तरी नंतर ‘ट्यून२एफएस’नं बदलता येतं.

दुसरी गोष्ट आयनोड. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो, म्हणजे तिचा मालक, तारीख, आकार आणि ती डिस्कवर कुठे आहे याची नोंद. फाइलसिस्टिम बनते तेव्हाच या नोंदींची जागा आखली जाते. आपल्या आकाराच्या डिस्कवर दर १६ केबीमागे एक या हिशेबानं, आणि एक नोंद २५६ बाइटची. गुणाकार केला तर नुसत्या नोंदींना साठ जीबीच्या वर जागा जाते. आमच्या फाइली तीन-तीन जीबीच्या. आम्हाला कोट्यवधी नोंदी काय करायच्या आहेत? ‘लार्जफाइल’ असं सांगितलं की दर १ एमबीमागे एकच आयनोड आखला जातो आणि ती जागा बहुतेक परत मिळते. मात्र हे प्रमाण नंतर बदलता येत नाही. तुमच्या डिस्कवर ईमेल, वेबसाइटी किंवा प्रोग्रामचे लाखो चिटुकले तुकडे जाणार असतील तर ‘लार्जफाइल’ लिहू नका. जागा शिल्लक असूनही नवी फाइल घेत नाही अशी अवस्था येईल.

आमची कमांड अशी होती:

सुडो एमकेएफएस.ईएक्सटी४ -एल संग्रह -एम १ -टी लार्जफाइल /डेव्ह/एसडीबी१

यात ‘एल’ आणि ‘टी’ मोठ्या अक्षरांत, ‘एम’ लहान. शेवटी एसडीबी१ आहे, नुसतं एसडीबी नाही, हे एंटर मारण्याआधी पुन्हा वाचा. लेबल रोमन लिपीत लिहा, त्याला जेमतेम १६ बाइट मिळतात आणि देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट घेतं.

काही क्षणांत काम होतं. पडद्यावर ३२७६८, ९८३०४, १६३८४० अशी आकड्यांची रांग दिसेल. ती सुपरब्लॉकच्या प्रतींची ठिकाणं आहेत. फाइलसिस्टिमचं मुख्य पान पहिल्या सुपरब्लॉकमध्ये असतं. ते खराब झालं तर ‘ई२एफएससीके’ला यातला एखादा आकडा देऊन दुरुस्ती करता येते. त्या पडद्याचाही फोटो काढून ठेवा.

माउंट

इथे विंडोजवरून आलेल्या माणसाची गल्लत होते. लिनक्समध्ये सी, डी, ई अशी वेगवेगळी घरं नाहीत. एकच झाड आहे, त्याचं मूळ म्हणजे ‘/’. नवी डिस्क त्या झाडाच्या एखाद्या फांदीवर, म्हणजे एखाद्या रिकाम्या फोल्डरवर बसवायची. त्यालाच माउंट म्हणतात. फोल्डर आधी बनवावं लागतं:

सुडो एमकेडीआयआर -पी /एसआरव्ही/संग्रह

लगेच माउंट करू नका. आधी ही एक कमांड द्या:

सुडो चॅटर +आय /एसआरव्ही/संग्रह

सी, एच, ए, टी, टी, आर. याचा अर्थ, या रिकाम्या फोल्डरमध्ये कोणीही, अगदी रूटनंही, काही ठेवायचं नाही. डिस्क माउंट झाली की तिचं स्वतःचं फोल्डर याच्यावर बसतं आणि ही मनाई त्याखाली झाकली जाते. बहुतेक ठिकाणी ही पायरी सांगत नाहीत. मला ती एका सांजवेळी शिकायला मिळाली. चवथीच्या आधी वाचनालयाची साफसफाई झाली आणि कॅबिनेट हलवताना डिस्कची तार सैल झाली. मशीन सुरू झालं, फोल्डर जागेवर होतं, मी रेकॉर्डिंग लावलं. डिस्क माउंटच झालेली नव्हती, त्यामुळे सगळं त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे एसएसडीवर जात राहिलं. दोन संध्याकाळी असंच चाललं. तिसऱ्या दिवशी एसएसडी भरली आणि नाटकाच्या तिसऱ्या अंकात रेकॉर्डिंग थांबलं. जुनी फीत मागे फिरवून पुन्हा लावली तेव्हा ती तुटली. आमच्या पेटीवाल्या काकांनी ती चिकटवून दिली, पण पदाच्या दोन ओळी गेल्या त्या गेल्याच. फोल्डरवर ही मनाई असती तर पहिल्याच संध्याकाळी, पहिल्याच सेकंदाला ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असा निरोप आला असता.

आता माउंट:

सुडो माउंट /डेव्ह/एसडीबी१ /एसआरव्ही/संग्रह

काहीच छापून आलं नाही तर काम झालं. ‘डीएफ -एच’ दिलं की या डिस्कची नवी ओळ दिसेल. फोल्डरमध्ये ‘लॉस्ट+फाउंड’ नावाचं एक फोल्डर दिसेल, ते ईएक्सटी४ स्वतः बनवते, पुसू नका. डिस्क खरोखर माउंट झाल्याची ती खूणच आहे. ‘लार्जफाइल’ न लिहिता डिस्क तयार केली असेल तर पहिल्या माउंटनंतर तुम्ही काही न करताही डिस्क बराच वेळ कुरकुरत राहील. आयनोडची कोष्टकं भरायचं उरलेलं काम कर्नल तेव्हा मागे उरकत असतो. घाबरू नका.

फाइल ठेवायला गेलात तर परवानगी नाही म्हणेल, कारण नव्या डिस्कचा मालक अजून रूटच आहे. मालकी बदला:

सुडो चाऊन तुमचं-नाव:तुमचं-नाव /एसआरव्ही/संग्रह

सी, एच, ओ, डब्ल्यू, एन. ही कमांड माउंटच्या नंतरच द्यायची. आधी दिली तर मालकी खालच्या रिकाम्या फोल्डरची बदलते आणि डिस्क होती तशीच राहते. मालकी डिस्कवर लिहिली जाते, त्यामुळे हे एकदाच करावं लागतं.

कायमची जागा

हे माउंट मशीन बंद होईपर्यंतच टिकतं. कायम राहण्यासाठी ‘/ईटीसी/एफस्टॅब’ या फाइलमध्ये एक ओळ लिहायची. तिथे एसडीबी१ लिहायचं नाही, ते नाव बदलू शकतं हे वर पाहिलं. त्याऐवजी फाइलसिस्टिमचा यूयूआयडी, म्हणजे तिचा न बदलणारा ओळखक्रमांक, लिहायचा. तो फाइलसिस्टिम बनली तेव्हाच तिला मिळाला:

सुडो बीएलकेआयडी /डेव्ह/एसडीबी१

३६ चिन्हांची रांग येईल, मध्ये चार आडव्या रेघा. हातानं उतरवू नका, माउसनं कॉपी करा. मूळ फाइलची आधी एक प्रत ठेवा:

सुडो सीपी /ईटीसी/एफस्टॅब /ईटीसी/एफस्टॅब.जुनी

मग ‘सुडो नॅनो /ईटीसी/एफस्टॅब’ देऊन फाइल एडिटरमध्ये उघडा आणि शेवटी ही ओळ जोडा, सगळी एकाच रेषेत:

यूयूआयडी=तुमची-रांग /एसआरव्ही/संग्रह ईएक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल,एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१० ० २

सुरुवातीचा यूयूआयडी हा शब्द मोठ्या अक्षरांत. स्वल्पविरामानंतर जागा सोडायची नाही. शेवटच्या दोन आकड्यांत पहिला आता कोणी वापरत नाही, तो शून्य. दुसरा तपासणीचा क्रम सांगतो, मूळ डिस्कला १ आणि बाकीच्यांना २.

या ओळीतला ‘नोफेल’ विसरू नका. तो नसेल आणि एखाद्या दिवशी डिस्क सापडली नाही, तर मशीन दीड मिनिट वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबतं. काळ्या पडद्यावर रूटचा पासवर्ड मागतं. समोर नवखा माणूस असेल तर त्याला मशीन मेलं असंच वाटतं. ‘नोफेल’ असला की डिस्क नसतानाही मशीन सुरू होतं, आणि टाइमआउटमुळे वाट दहाच सेकंद बघतं.

फाइल सेव्ह केली की मशीन लगेच रीस्टार्ट करू नका. आधी ओळ बरोबर आहे का ते बघू:

सुडो सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड
सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय
सुडो यूमाउंट /एसआरव्ही/संग्रह
सुडो माउंट -ए

डीमनचं स्पेलिंग डी, ए, ई, एम, ओ, एन. यूमाउंटमध्ये ‘यू’नंतर थेट ‘एम’, मधला ‘एन’ नाही, तिथे सगळेच अडखळतात. ‘टार्गेट इज बिझी’ असं आलं तर तुमचंच एखादं टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उभं असेल, ‘सीडी’ देऊन तिथून बाहेर या. ‘माउंट -ए’ एफस्टॅबमधलं सगळं वाचून माउंट करतं. त्यानंतर ‘लॉस्ट+फाउंड’ दिसलं म्हणजे ओळ बरोबर आहे.

ज्यांच्याकडे लिनक्सच्या जागी फ्रीबीएसडी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. तिथे साटा डिस्कचं नाव एडीए१ असं असतं, पार्टिशन ‘जीपार्ट’नं करतात, फाइलसिस्टिम ‘न्यूएफएस’नं आणि ती यूएफएस असते. एफस्टॅब तिथेही आहे, पण नोफेलसारखे काही पर्याय वेगळे लिहितात, ते त्याच मशीनच्या मॅन पानावर वाचून घ्या.

शेवटची परीक्षा

ही परीक्षा रिकाम्या डिस्कवर आजच घ्या, नंतर हिंमत होत नाही. मशीन बंद करा, प्लग काढा, नव्या डिस्कची डेटाची तार काढा आणि मशीन सुरू करा. डिस्क नसतानाही ते सुरू झालं पाहिजे. आता ‘टच /एसआरव्ही/संग्रह/चाचणी’ देऊन तिथे फाइल बनवायचा प्रयत्न करा. ती नाकारली गेली पाहिजे. ‘सुडो’ लावूनही नाकारली गेली पाहिजे. मशीन पुन्हा बंद करून तार लावा, सुरू करा. ‘लॉस्ट+फाउंड’ दिसेल आणि तीच चाचणी फाइल या वेळी बनेल. ती पुसून टाका.

एसएसडीवरचं जुनं काम आणायला आरसिंक वापरा:

आरसिंक -एव्हीएच /होम/तुमचं-नाव/कॅसेटी/ /एसआरव्ही/संग्रह/कॅसेटी/

पहिल्या फोल्डरच्या नावापुढची तिरपी रेघ महत्त्वाची. ती असली तर फोल्डरच्या आतलं सगळं जातं, नसली तर कॅसेटीच्या आत आणखी एक कॅसेटी तयार होतं. मध्येच लाईट गेली तर तीच कमांड पुन्हा द्या, पूर्ण झालेल्या फाइली सोडून ती पुढे जाते. नवी प्रत ऐकून होईपर्यंत एसएसडीवरचं काही पुसू नका.

आणि कॅबिनेटच्या बाजूला, आतून, कागदाची एक चिठ्ठी चिकटवा: डिस्कच्या सिरियलची शेवटची चार अक्षरं, लेबल, माउंटचा पत्ता, बसवल्याची तारीख. आमची चिठ्ठी बॉलपेननं लिहिलेली आहे आणि वर पारदर्शक टेप आहे, कारण शाईच्या पेनाची अक्षरं एका पावसात फुटली होती.